विचारा की, लाजता काय : बिनविरोधची बोली, आरटीईचा पत्ता आणि जाऊबाईंचे दीड हजार

या महिन्यात पत्रं भरपूर आली, त्यातली निम्मी व्हॉट्सॲपवर, आणि एका दादांनी तर सात मिनिटांची व्हॉइस नोट पाठवलीय त्यात चार मिनिटं मागे थ्रेशर चालू आहे, मला एक शब्द कळला नाही, तेव्हा दादा हात जोडते, टाइप करून पाठवा. नावं गावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत. उत्तरं माझ्या अकलेप्रमाणे देते, पटलं तर घ्या.

प्रश्न : ताई, आमचं गाव २४०० लोकवस्तीचं. यंदा सरपंचपद महिलेला राखीव आहे. मागच्या आठवड्यात मारुतीच्या देवळात बैठक झाली आणि ठरलं की निवडणूक बिनविरोध करायची, जो देवळाच्या सभामंडपाला जास्त देईल त्याच्या घरात सरपंचपद. बोली ३१ लाखाला सुटली. पण माझ्या मिसेसनी आधीच फॉर्म भरलाय, ती बचत गटाचं काम बघते. आता सगळे मागे लागलेत माघार घ्या, देवाच्या कामाला आडवं येऊ नका. भावकीतली मोठी माणसं बोलली की नाही घेतली तर तुमच्या कार्याला कोणी येणार नाही, आणि पोरीचं लग्न चार महिन्यावर आहे. पैसा कोणाच्या खिशात जात नाही, देवळाला जातो, भांडणं टळतात, मग यात चूक काय असंपण वाटतं. काय करू? (एक वाचक, मराठवाडा)

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसतीच चिडले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की एवढ्या मोठ्या पत्रात भावकी काय म्हणते ते आहे, गाव काय म्हणतं ते आहे, देवाचंपण आहे, फक्त मिसेसना काय वाटतं ते कुठंच नाही. फॉर्म त्यांचा, माघारीच्या कागदावर सहीपण त्यांचीच लागणार. तर आधी घरात विचारा, मग माझं पुढचं वाचा.

आता ते ३१ लाख. जरा कागद पेन घ्या. २००० ते ८००० वस्तीच्या गावाच्या सरपंचाचं मानधन २०२४ मध्ये डबल झालं, ४००० चे ८००० झाले. पाच वर्षं म्हणजे ६० महिने, झाले ४ लाख ८० हजार. ३१ लाखातून वजा करा, उरले २६ लाख २० हजार. हे त्या माणसाला कुठून मिळणार? कोणी म्हणेल भक्तिभावानं दिले, परत नकोतच. असेल बुवा, असा एखादा असतोपण, पण मग त्यानं निवडणुकीच्या आधी का नाही दिले, सभामंडप तर दहा वर्षं अर्धा पडलाय ना (तुमचं गाव मला माहीत नाही पण सभामंडप अर्धाच असणार, सगळीकडे असतो). वित्त आयोगाचा पैसा आता थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो. गटाराचं काम, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे. २६ लाख कुठून वसूल होतात हे मी सांगायला पाहिजे असं नाही, मी ३१ वर्षं पंचायत समितीकडं काढली आहेत, आधी ग्रामसेविका, मग विस्तार अधिकारी, मोजमाप पुस्तिका कशा भरतात ते बघितलंय.

आणि बोली कोणी लावली? तुम्ही लिहिलं नाहीत पण मी पैजेवर सांगते, नवऱ्यानं. जिच्या नावावर पद घेतलं ती बैठकीला आलीच नसणार. २०११ पासून आपल्याकडे पंचायतीत बायकांना निम्म्या जागा आहेत, आणि निम्म्या ठिकाणी मोबाईल नंबर मात्र सरपंचपतीचा. तुमच्या मिसेसचं वेगळं आहे, त्यांनी स्वतः काम केलंय, गटातल्या बायकांचे हप्ते कोणाचे थकले, कोणाचा नवरा पितो हे त्यांना पाठ असणार. अशा बाईला ३१ लाख नाहीत म्हणून बाजूला करायचं, याला गावाची एकी म्हणत नाहीत हो, लिलाव म्हणतात.

हे नवीन पण नाही. २०२० च्या डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यातल्या उमराण्यात सरपंचपदाची बोली लागली, मंदिराच्याच नावानं, २ कोटी ५ लाखापर्यंत गेली. कांद्याचं मार्केट असलेलं गाव, पैसा होता. व्हिडिओ बाहेर आले आणि राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये तिथली निवडणूकच रद्द केली, सोबत नंदुरबारच्या खोंडामळीचीपण. म्हणजे बोली जिंकणाऱ्याला पद मिळालं नाही ते नाहीच, वर गावाची अब्रू टीव्हीवर.

बिनविरोधच्या मी विरोधात नाही हे लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या महिन्यात पन्नास पत्रं येतील. पोपटराव पवारांचं हिवरे बाजार तीसेक वर्षं बिनविरोध होतं आणि काय काम झालं ते सगळ्यांना माहितीय. पण २०२१ ला तिथंसुद्धा काही लोक उभे राहिले, निवडणूक झाली, पवारांचं पॅनल सगळ्या जागा घेऊन आलं, आणि गाव काही फुटलं नाही. ज्याला उभं राहायचंय तो राहू शकतो, तरीपण कोणी राहत नाही, ते खरं बिनविरोध. बोलीनं झालेल्या बिनविरोध गावात काय होतं ते मी एका ठिकाणी जवळून बघितलं, गाव सांगत नाही. पाच वर्षं ग्रामसभेला कोरम नाही. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या आणायचा. एकदा एका म्हाताऱ्याला मी विचारलं की आजोबा सभेला का येत नाही तर म्हणाले, "काय विचारायचं, पावती फाडलीय की त्यानं." हे वाक्य मी अजून विसरले नाही.

आता कायद्याचं. एखाद्याला उभं राहायला किंवा माघार घ्यायला पैसा नाहीतर दुसरा काही फायदा देणं ही निवडणुकीतली लाच, आधी भारतीय दंड संहितेत होती, जुलै २०२४ पासून न्याय संहितेत आहे. देवळाच्या पेटीतून गेला म्हणून पैसा सोवळा होत नाही. आणि कार्याला कोणी येणार नाही असं जे बोलले, तर जातीच्या नाहीतर भावकीच्या पंचांनी बसून एखाद्या घराला वाळीत टाकायचं ठरवलं तर त्याच्यासाठी आपल्या राज्यात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य. पण खरं सांगू का, कायदा लग्नाच्या मांडवात वाढपी आणून देत नाही. तुम्हाला त्या गावात राहायचंय, मला नाही. म्हणून मिसेस म्हणाल्या की पोरीचं लग्न होऊ दे, मी माघार घेते, तर त्यांना भेकड म्हणणारी मी कोण. फक्त तो निर्णय त्यांचा असू दे. आणि त्या म्हणाल्या लढते, तर मग तुम्ही देवळातल्या बैठकीत त्यांच्या शेजारी बसायचं, मागं चपलांजवळ उभं राहायचं नाही. तक्रार करायची तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं लेखी द्या आणि पोच घ्या. गटातल्या दहा बायकांनी मिळून सही केली तर एकट्या तुमच्या घरावर राग निघणार नाही.

प्रश्न : मॅडम, मुलगी साडेपाच वर्षांची आहे. आम्ही दोघं मिळून महिन्याला ३८ हजार कमावतो, भाडं जाऊन काय उरतं तुम्हाला माहितीच आहे. एक एजंट आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांतून) चांगल्या इंग्लिश मीडियममध्ये करून देतो म्हणतो, एक लाखाच्या आतला उत्पन्न दाखला आणि शाळेजवळचं भाडेकरार तो बघणार, १५ हजार घेतो. आमच्या बिल्डिंगमध्ये तिघांनी केलंय. चुकीचं आहे का? (एक आई, पिंपरी)

उत्तर : चुकीचं आहे. पण तेवढं सांगून पुढच्या पत्राकडे गेले तर तुमच्यावर अन्याय होईल, कारण या भानगडीत सगळ्यात मोठं खोटं तुमचं नाहीये.

दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर आपल्या राज्यात घरचं उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत पाहिजे. बाराने भागा, महिन्याला ८३३३ रुपये. पिंपरीत वॉचमन आणि धुणीभांडी करणारी त्याची बायको मिळून याच्या दुप्पट तिप्पट तरी मिळवतात, नाहीतर शहरात टिकणारच नाहीत. म्हणजे खरा गरीब माणूसपण दाखल्यावर खोटं लिहूनच आत जातो. नियमानं आधी वॉचमनला खोटं बोलायला लावलं, आणि एकदा सगळेच खोटं बोलायला लागले की मग ३८ हजारवाला काय आणि ८० हजारवाला काय, कोणाला ओळखायचं कसं. (अनुसूचित जाती जमाती, ओबीसी वगैरे वंचित गटाला ही उत्पन्नाची अट नाही, तुम्ही त्यात बसत असाल तर एजंटची गरजच नाही, जातीचा दाखला काढा आणि स्वतः फॉर्म भरा, फुकट आहे.)

मग तरी मी नको का म्हणते? तर ही लॉटरी आहे. जागा पहिलीच्या वर्गाच्या पाव, म्हणजे २५ टक्के, आणि एका नावाची चिठ्ठी निघाली की दुसऱ्या नावाची नाही निघत. तुमच्या मुलीच्या जागी ज्या पोराचं नाव राहिलं त्याचं घर तुमच्यापेक्षा खाली असण्याची शक्यता भरपूर आहे. तुम्ही ते पोर कधी बघणार नाही, म्हणून सोपं वाटतं.

दुसरं म्हणजे शाळांना ही मुलं नकोच आहेत, सरकार पैसे वेळेवर देत नाही अशी त्यांची कायमची रड. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी नाहीतर अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती, म्हणजे शहरातल्या बहुतेक शाळा सुटल्याच असत्या, मुंबई हायकोर्टानं जुलैत तो बदल रद्द केला म्हणून दार उघडं राहिलं. प्रत्येक बोगस ॲडमिशन म्हणजे दार लावणाऱ्यांच्या हातात एक कोलीत. आणि पकडले जात नाही असं एजंट सांगत असेल तर नागपुरात २०२४ मध्ये खोट्या कागदांवरून पालकांवर गुन्हे दाखल झाले, एजंट नाही आला त्यांच्या मुलांना सांभाळायला.

एक शेवटचं, हे मला माझ्या भाचीच्या शेजारणीकडून कळलं. तिनं असंच केलं होतं. पोरीला घरी पाठ करून घेतलं होतं की टीचरनी विचारलं तर हा पत्ता सांगायचा, आपला नाही सांगायचा. पोरगी हुशार, पाठ केला. आता तिसरीत आहे, निबंध लिहायला दिला माझे घर, आणि तिनं आईला विचारलं कुठलं घर लिहू.

ते १५ हजार ठेवा. जवळच्या महापालिकेच्या शाळेत एकदा स्वतः जाऊन वर्गात बसून या, शेजारणीच्या सांगण्यावर नाही. आवडली नाही तर अनुदानित मराठी शाळा बघा. मी काही मराठी शाळेचा झेंडा घेऊन उभी नाही, माझी स्वतःची नात इंग्लिश मीडियमला आहे, लपवत नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या जाऊबाईंकडे चारचाकी आहे, दिरांना चांगला बिझनेस आहे तरी त्यांना लाडकी बहीणचे पैसे येतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचे मात्र बंद झालेत. जाऊबाईंची ऑनलाइन तक्रार करावी असं वाटतं, नाव न देता. करू का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी एक विचारते, रागवू नका. गाडी नसती आणि जाऊबाईंशी तुमचं बरं असतं तर हे पत्र आलं असतं का? मला वाटतं नसतं आलं.

योजना काय आहे, २१ ते ६५ वयाच्या बाईला महिन्याला १५०० रुपये, घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत, घरात ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, कोणी इन्कम टॅक्स भरणारा नको, सरकारी नोकर नको. जुलै २०२४ ला सुरू झाली, नोव्हेंबरात विधानसभा होती, तेव्हा फॉर्म कसे पास होत होते ते मी अंगणवाडी सेविकांकडून ऐकलंय, बिचाऱ्या रात्री एक वाजता नेट चालतं म्हणून उठून फॉर्म भरत होत्या. तपासणी नंतर सुरू झाली, २०२५ मध्ये, तेव्हा १४ हजारावर पुरुषांनीपण पैसे घेतल्याचं निघालं. लाडके भाऊ! मग ई-केवायसी आलं. यात जाऊबाई चूकच आहेत, त्याला पांघरूण नाही. पण मतदान होईपर्यंत सरकारनं डोळे मिटले आणि मतदान झाल्यावर उघडले, तो हिशेब एकट्या जाऊबाईंकडून मागू नका.

निनावी तक्रार करू नका. ते निनावी राहत नाही हो, सणाला सगळ्यांना कळतं. तोंडावर सांगा की वहिनी, आपल्याला यात बसत नाही, सोडून द्या. काही हजार बायकांनी आपणहून सोडलेत, त्यांचं काही वाकडं झालं नाही. नाही ऐकल्या तर तुम्ही सांगितलं एवढं तरी खरं.

आणि मावशींचे का बंद झाले ते बघितलंत का तुम्ही? माझा अंदाज आधारला लिंक खातं वेगळं आहे, नाहीतर ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर मुलाकडे आहे. रविवारी अर्धा तास त्यांच्याबरोबर सेतू केंद्रात बसा. जाऊबाईंचे १५०० बंद झाले म्हणून मावशींचे सुरू होत नाहीत.

प्रश्न : नोटा दाबलं तर मत फुकट जातं ना? (एक कॉलेजकुमार, पुणे)

उत्तर : विधानसभा लोकसभेला जवळजवळ हो. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. पण नगरपालिका, महापालिकेला आपल्या राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की नोटा पहिला आला तर कोणालाच विजयी करायचं नाही, पुन्हा निवडणूक घ्यायची. तुमच्या वॉर्डात चौघेही नालायक असतील तर दाबा खुशाल. पण चौघांची नावं माहितीयत का आधी? नाहीतर तो कंटाळा असतो, निषेध नसतो.

प्रश्न : आमच्या आत्यांचे मिस्टर वारले. सातबाऱ्याला वारस नोंद घालायची आहे. सगळे कागद दिले, दोन महिने झाले, आज या उद्या या. आता ३००० मागितलेत. आत्या म्हणतात देऊन टाक, हेलपाटे नकोत. दिले तर आम्हीपण गुन्हेगार होतो असं ऐकलं, खरं का? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : खरं आहे, २०१८ ला कायदा बदलला, लाच देणंसुद्धा आता गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण त्यातच एक वाट ठेवलीय जी कोणी सांगत नाही. जबरदस्तीनं द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपतवाल्यांना कळवलं तर देणाऱ्यावर गुन्हा नाही. आणि द्यायच्या आधीच १०६४ ला फोन केला तर सगळ्यात उत्तम, पुढचं ते बघतात.

मी तुमच्या आत्यांना पापी म्हणणार नाही. नवरा जाऊन दोन महिने झालेल्या बाईला कचेरीच्या बाकड्यावर बसवून ठेवणारा जो आहे त्याच्याशी तिची बरोबरी होत नाही. हल्ली तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं आणि आम्हा ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी, पाट्या नवीन रंगवल्या, बाकडं तेच आहे. चांगले लोकपण आहेत, मी पाहिलेत, पण चांगल्या माणसाची वाट बघत बसायची वेळ यायला नको ना.

म्हणून लाच आणि गप्प बसणं याच्या मधला रस्ता सांगते, मी स्वतः माझ्या भावाच्या नोंदीसाठी वापरलाय. आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ज्या सेवा त्यात अधिसूचित आहेत त्यांना मुदत ठरलेली आहे, मुदतीत नाही झालं तर वरच्या अधिकाऱ्याकडं पहिलं अपील, मग दुसरं अपील, मग आयोग. चूक ठरली तर ५०० ते ५००० रुपये दंड त्या माणसाच्या खिशातून जातो. रक्कम काही मोठी नाही, पण सर्व्हिस बुकची भीती रकमेपेक्षा जास्त असते हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही, आत बसलेल्याला कळतं. माझ्या भावाचं काम अपिलापर्यंत गेलंच नाही, अपिलाचा कागद नुसता टेबलावर ठेवला आणि चौथ्या दिवशी फोन आला, या की हो, तयार आहे.

फक्त एक गोष्ट. हे सगळं चालतं ते अर्ज दिल्याच्या पोचेवर, जिच्यावर तारीख आणि आवक नंबर आहे. तुमच्या पत्रात "कागद दिले" एवढंच आहे. पोच घेतलीय का? नसेल तर तोच अर्ज परत लिहा, झेरॉक्स काढा, आणि सोमवारी आवक शाखेत शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.